‘स्टॉक नाही, उद्या या’: सीमाभागात हृदयाच्या गोळ्यांत खंड पडू नये म्हणून

अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी येतो तेव्हा पिशवीत डिस्चार्ज कार्ड असतं आणि गोळ्यांचं पाकीट असतं. कार्ड कपाटात जातं, पाकीट देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. पाहुणे येतात, शहाळी येतात, पण गोळ्या किती दिवस पुरतील हे कुणी मोजत नाही. आयुष्मान भारतच्या कार्डावर उपचार झाले असतील, तर पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतच्या औषधांचा खर्च धरलेला असतो. डॉक्टर मात्र बहुतेक वेळा महिन्याने बोलावतात. पहिला खड्डा पडतो तो इथेच, सोळाव्या दिवशी. आत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली नवीकोरी जाळी, म्हणजे स्टेंट, आणि फळीवर रिकामी पट्टी.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्या घरी हे सगळं पहिल्यांदाच सुरू झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या सांभाळतो, एवढीच माझी लायकी. डोस किती, गोळी बंद करायची की बदलायची, हे डॉक्टरांनीच सांगायचं. पण ठरलेली गोळी ठरलेल्या दिवशी घरात असणं हे घरच्यांचं काम आहे, आणि ते कुणी शिकवत नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. सगळी औषधं एकदम कधी संपत नाहीत. सहा गोळ्यांपैकी पाच मिळतात, एक मिळत नाही. ती एक कोणती, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. कधी दोन दिवस थांबलं तरी फारसं बिघडत नाही, आणि कधी त्याच संध्याकाळी गाडी काढून दुसऱ्या गावी जावं लागतं.

१. आधी यादी करा, मूळ नावाने

पट्टीवर दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं, दुसरं औषधाचं मूळ नाव. आपल्या तोंडी कंपनीचं नाव बसतं, आणि नेमकं तेच दुसऱ्या गावात उपयोगी पडत नाही. म्हणून एका कागदावर प्रत्येक गोळीचं मूळ नाव, मिलिग्रॅम, घ्यायची वेळ आणि पट्टीत किती गोळ्या येतात ते लिहा. नाव मराठीतही लिहा आणि पट्टीवरच्या इंग्रजी अक्षरांतही उतरवून घ्या, कारण काउंटरवरचा मुलगा इंग्रजीच वाचणार. पट्टीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. जो नेहमी औषधं आणतो तोच गावाला गेला की घोळ होतो.

नावामागची शेपटी सोडू नका. ईआर, एक्सएल, एसआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी पोटात हळूहळू सुटणारी आहे. नुसतं ‘मेटोप्रोलॉल ५०’ लिहून भागत नाही. मेटोप्रोलॉल सक्सिनेट हळू सुटतं आणि बहुधा दिवसातून एकदा घ्यायचं असतं. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट लवकर उतरतं आणि बहुधा दोनदा घ्यावं लागतं. आकडा तोच, गोळी वेगळी.

कॉम्बिनेशनच्या गोळ्या असतील तर आतलं प्रत्येक औषध वेगळ्या ओळीवर लिहा. नावापुढे ‘एव्ही’ असेल तर बहुतेक वेळा ॲस्पिरिनबरोबर अटोरव्हास्टॅटिन असतं. ‘गोल्ड’ असेल तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध अशी तिन्ही एकत्र असतात. ही फोड माहीत असली की ‘गोल्ड’ नसेल त्या दिवशी तीच तीन औषधं वेगवेगळी मागता येतात. आणि दुसरा फायदा असा की ‘गोल्ड’ चालू असताना जुनी ॲस्पिरिनची पट्टीही संपवायची म्हणून वर घेतली जात नाही. घरोघरी होतं हे. फेकायला जीव होत नाही म्हणून दोन-दोन ॲस्पिरिन पोटात जातात.

२. कोणती गोळी थांबत नाही ते ठरवून घ्या

यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: ‘डॉक्टर, यातली कुठली गोळी एक दिवसही चुकता कामा नये?’ ते ज्यांच्यावर बोट ठेवतील त्यांच्यापुढे लाल पेनाने खूण करा. साधारणपणे खुणा कुठे पडतात ते सांगतो. पण तुमच्या कागदावरची खूण तुमच्या डॉक्टरांचीच हवी.

स्टेंट बसवलेला असेल तर ॲस्पिरिन, आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांपैकी जी दिली असेल ती. स्टेंट हा बाहेरून आलेला धातू. त्यावर आतलं अस्तर चढेपर्यंत रक्त तिथे गोठू पाहतं. ही जोडगोळी ते होऊ देत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत ती तुटली तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. टिकाग्रेलॉर तर दिवसातून दोनदा घ्यायची असते, कारण तिचा असर लवकर ओसरतो.

कृत्रिम झडप बसवली असेल, त्यातही धातूची, तर वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉल. ही चुकली तर झडपेवर गुठळी धरू शकते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल या नाडी शांत ठेवणाऱ्या गोळ्या. एकदम बंद केल्या की हृदय उसळी मारतं. छातीत दुखणं, धडधड, बीपी वर. डॉक्टरही या गोळ्या बंद करायच्या झाल्या तर हळूहळू उतरवतात. दुकानात माल नाही म्हणून त्या एका दिवसात सुटाव्यात, हे बरोबर नाही.

हृदय अशक्त झालेल्या माणसाची लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड. लोक हिला हलक्यात घेतात, कारण प्रवासात अडचण होते. दोन-तीन दिवस सुटली की पायावर सूज, रात्री उशा वाढवाव्या लागणं, चालताना धाप.

कोलेस्टेरॉलची गोळी, अटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, एखाद-दोन दिवस मागेपुढे झाली तर सहसा लगेच काही होत नाही. अमलोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीचा असरही सावकाश उतरतो. म्हणजे त्या सोडायच्या असं नाही. पण पाऊस कोसळतोय, गाडी एकच आहे आणि दोन गोळ्या कमी पडल्यात, तर आधी कुठली आणायची ते यावरून ठरतं.

३. दहा दिवस उरले की निघायचं

पट्ट्यांचा हिशेब गमतीचा असतो. एक १० ची, एक १४ ची, एक १५ ची. सगळ्या एका दिवशी आणल्या तरी एका दिवशी संपत नाहीत. दोनदा घ्यायची १४ ची पट्टी आठवड्यात संपते. त्यामुळे ‘महिन्याला एकदा मेडिकलात’ हा नेम पाळणाऱ्यांची कुठली तरी गोळी मध्येच संपते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक गोळीचा शेवटचा दिवस मोजून काढा, त्यातून दहा दिवस वजा करा आणि ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. त्या दिवशी चिठ्ठी घेऊन निघायचं. दुकानदार ‘उद्या या’ म्हणाला तर त्याच्या असल्या नऊ ‘उद्या’ तुमच्याकडे शिल्लक असतात.

आपल्याकडच्या काही तारखा वेगळ्या लक्षात ठेवा. रविवारी मेडिकल उघडं दिसलं तरी स्टॉकिस्ट, म्हणजे त्याला माल पुरवणारा ठोक व्यापारी, बंद असतो, म्हणजे शनिवारी संध्याकाळी टाकलेली ऑर्डर सोमवारीच हलते. ३१ मार्चच्या आसपास हिशेब बंद करायचे म्हणून दुकानदार माल कमी ठेवतात. गणपती, दिवाळी तर आहेतच. १ नोव्हेंबरला बेळगाव शहरात राज्योत्सवाची मिरवणूक, मराठी भाषिकांचा काळा दिन आणि पोलिसांचा बंदोबस्त. बाजारपेठेत त्या दिवशी गोळी शोधायला जायचं म्हणजे शिक्षाच. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की महामार्गावर मोर्चे आणि अडवलेले रस्ते असतात. औषध दुकानदारांचा देशव्यापी बंदही होतो, जसा २८ सप्टेंबर २०१८ ला झाला होता. तो आधी जाहीर होतो, पेपरात येतो. तेवढी बातमी वाचायची.

सहा महिन्यांचा साठा मात्र करू नका. डोस बदलला की सगळं वाया. पंधरा दिवसांची जास्तीची पुडी बस झाली, तीही आधी आणलेली आधी संपवायची अशा बेताने. गोळ्या न्हाणीघरात किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका. आणि पट्टी कापताना तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राखा.

४. चिठ्ठी नीट लिहून घ्या

हृदयाच्या बहुतेक गोळ्या शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम आणखी दोन गोष्टी सांगतो. डॉक्टरांनी पुन्हा द्यावं असं लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. आणि चिठ्ठीत लिहिलेल्या औषधाऐवजी दुकानदाराने स्वतःच्या मनाने दुसरं द्यायचं नाही, आत औषध तेच असलं तरीही. ओळखीच्या दुकानात कोण एवढं बघतं, हे मलाही माहीत आहे. पण कोल्हापुरात किंवा पणजीत अनोळखी काउंटरवर उभे राहाल, तेव्हा समोरचा माणूस नियम दाखवू शकतो, आणि त्याचं चूक नसतं.

म्हणून तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना तीन गोष्टी लिहायला सांगा. औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरांत. २०१६ पासून वैद्यकीय परिषदेच्या आचारसंहितेतही तेच सांगितलेलं आहे. किती महिने चालू ठेवायचं आणि दर महिन्याला द्यावं, हे स्पष्ट शब्दांत. आणि खाली सही, तारीख, नोंदणी क्रमांक. मागायला संकोच वाटतो, बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. तरी मागा.

भारतातल्या नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी देशात कुठेही चालते. मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी बेळगावात चालणार नाही, असं कुणी म्हणालं तर ते खरं नव्हे. चिठ्ठीची मुदत संपली आणि डॉक्टर दूर असतील तर फोन किंवा व्हिडिओवर बोलता येतं. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाची चालू औषधं डॉक्टर अशा रीतीने पुन्हा लिहून देऊ शकतात आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवू शकतात. ‘गोळ्या संपल्या’ एवढाच निरोप पाठवू नका. नाव, वय, स्टेंट कधी बसवला, यादीचा फोटो आणि कालचं बीपी असं एकत्र पाठवलंत तर उत्तर लवकर येतं.

५. शोधायचं कुठे

एक मेडिकल धरून राहा. दर महिन्याला दहा रुपये स्वस्त म्हणून दुकान बदलणाऱ्यासाठी कुणी गोळी राखून ठेवत नाही. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर दुकानदार आपणहून म्हणतो, ‘मावशी, तुमची ती गोळी कमी येतेय, या वेळी दोन पट्ट्या जास्त न्या.’ त्याला आगाऊ सांगा, थोडे पैसे जमा करून ठेवा आणि विचारा की माल स्टॉकिस्टकडे नाही की कंपनीकडूनच येत नाही. दोन्हींत फरक आहे. स्टॉकिस्टकडे नसेल तर दोन दिवसांचा प्रश्न. कंपनीकडूनच येत नसेल तर त्याच दुकानात रोज चकरा मारून उपयोग नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या कंपनीचं लिहून घ्या.

मग मोठ्या रुग्णालयांतली औषध दुकानं. हृदयाचे रुग्ण रोज दाखल होतात तिथे रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या सहसा असतात. नेहरूनगरातलं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि शहरातली इतर हृदयरुग्णालयं. खेड्यातून येणाऱ्याने आधी फोन करावा. खानापूरहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर येऊन ‘नाही’ ऐकण्यात काय अर्थ?

जनऔषधी केंद्रांत हीच मूळ औषधं बरीच स्वस्त मिळतात, आणि आपण यादी मूळ नावाने केली आहे ती इथे कामी येते. ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर जवळचं केंद्र सापडतं, नाहीतर १८०० १८० ८०८० या क्रमांकावर विचारता येतं. माल सगळीकडे सारखा नसतो. कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये सरकारी रुग्णालयांच्या आवारातली केंद्रं बंद करण्याचा आदेश काढला आणि ते प्रकरण न्यायालयात गेलं. तेव्हा आवारातलं केंद्र चालू आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

बीपी आणि साखरेच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवून ठेवा. घरच्या खर्चातल्या दोन गोळ्या तिथून सुटल्या तर टिकाग्रेलॉरसारख्या महागाला पैसे उरतात. उद्यमबागच्या फाउंड्रीत किंवा कारखान्यात नोकरी असेल तर ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, हक्क वापरा.

आणि बेळगाव म्हटलं की माजी सैनिक आलेच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे, त्यामुळे निवृत्त जवानांची घरं गावोगाव आहेत. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून गोळ्या घेणाऱ्यांनी एक करावं. एखादी गोळी नसेल तर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून परतू नये. ती उपलब्ध नाही अशी नोंद त्याच वेळी लेखी मागून घ्यावी, आणि बाहेरून घेतल्यावर पक्कं बिल जपून ठेवावं. नोंद नसेल तर पुढे पैसे मागताना बोलायला जागा राहत नाही. अण्णा लोक शिस्तीचे असतात, पण कागद मागायला लाजतात.

ऑनलाइन मागवायला हरकत नाही, फक्त लाल खुणेची गोळी संपत आलेली असताना त्यावर विसंबू नका. शहरात येतं ते जांबोटी-कणकुंबीला त्याच दिवसांत येईलच असं नाही.

६. बदली गोळी घेताना

बहुतेक गडबड होते ती इथे. काउंटरवर गर्दी असते, मुलगा नवा असतो, तो म्हणतो, ‘काका, ही नाही, पण ही पण रक्त पातळ करायचीच आहे, न्या.’ हे वाक्य ऐकलं की हात मागे घ्या.

आपण ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो त्यात दोन निराळी घराणी आहेत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर ही रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू न देणारी. वॉरफरिन आणि असेनोकुमॅरॉल ही रक्त गोठवणाऱ्या घटकांवर काम करणारी. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. इतकंच काय, एकाच घराण्यातली वॉरफरिन आणि असेनोकुमॅरॉलसुद्धा मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बदलता येत नाहीत. डोसाचं गणितच वेगळं. क्लोपिडोग्रेल आणि टिकाग्रेलॉरचंही तसंच. डॉक्टर बदलतात, पण कधी कुठला डोस द्यायचा ते ठरवून.

मूळ औषध तेच, मिलिग्रॅम तेच, शेपटी तीच आणि फक्त कंपनी दुसरी असेल, तर डॉक्टरांना फोटो पाठवून होकार घ्या आणि घ्या. बहुतेक गोळ्यांत अडचण येत नाही. वॉरफरिन-असेनोकुमॅरॉलमध्ये मात्र कंपनी बदलली तरी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची, तपासणी कधी करायची ते विचारा. या गोळीत थोडासा फरकही रक्तात दिसतो.

ताकदीत तडजोड करायची झाली तर दोन लहान मिळून एक मोठी होते का, हे विचारता येतं. टेल्मिसार्टन ८० नसेल तर ४० च्या दोन. उलट बाजूने मोठीचा तुकडा करायचा असेल तर सांभाळून. हळू सुटणारी गोळी कुटायची, चावायची किंवा विरघळवायची नाही. मधे रेघ असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तरच अर्धी करायची. नवी ताकद घरात आली की जुनी पट्टी वेगळ्या डब्यात, आणि नव्या पट्टीवर पेनाने ‘दोन घ्यायच्या’ असं मोठ्या अक्षरात. आजी-आजोबा रंगावरून गोळी ओळखतात. रंग बदलला की एक तर ते घेत नाहीत, नाहीतर दोन्ही घेतात.

अशक्त हृदयासाठी सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन चालू असेल तर आणखी एक. २०२३ च्या सुरुवातीपासून भारतात तिच्या स्वस्त आवृत्त्या अनेक कंपन्यांनी आणल्या, त्यामुळे एकीची नाही तर दुसरीची सापडते. पण सापडली नाही म्हणून घरातली जुनी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल त्या जागी सुरू करायची नाही. या दोन प्रकारांत किमान ३६ तासांचं अंतर लागतं. नाहीतर ओठ, जीभ, घसा सुजून जिवावर बेतू शकतं.

जिभेखालची गोळी खिशात असते म्हणून लोक निर्धास्त असतात. तिची मुदत बघा. वर्षानुवर्षं पाकिटात घासून चुरा झालेली गोळी वेळेला काय उपयोगाची? आणि शेजारच्यांचा अर्जुनाच्या सालीचा काढा कितीही प्रेमाने आला तरी तो स्टेंटच्या गोळीची जागा घेत नाही.

७. सीमेचा अडसर, सीमेचा उपयोग

आपली माणसं उपचाराला कुठेही जातात. निपाणीची कोल्हापूरला, कारण ते चाळीसेक किलोमीटरवर. चिकोडी-रायबागची मिरजेला. खानापूरची बेळगावला, काही गोव्यात बांबोळीला. चंदगडची माणसं उलटी बेळगावला येतात. डॉक्टर तिथल्या बाजारात चालणारी कंपनी लिहितात. कंपन्यांचा माल राज्याराज्याच्या डेपोतून वाटला जातो, त्यामुळे कोल्हापुरात ढीगभर असलेली गोळी बेळगावच्या दुकानदाराने कधी पाहिलेलीही नसते. तो ‘नाही’ म्हणतो ते त्या कंपनीच्या नावाला. मूळ नाव दाखवलं की तीच गोळी दुसऱ्या वेष्टनात त्याच्याच कपाटात निघते. म्हणून परगावी उपचार घेतानाच डॉक्टरांना सांगा, ‘आम्ही बेळगावकडचे, तिकडे मिळेल असं लिहा, किंवा मूळ नाव लिहा.’

याच कारणाने सीमा उपयोगीही पडते. कर्नाटकातल्या डेपोत खरंच खडखडाट असला तरी पलीकडच्या तालुक्यात माल असू शकतो. कोल्हापूर, गडहिंग्लज, मिरज किंवा गोव्यात कुणीतरी पाहुणा असतोच. त्याला यादीचा आणि चिठ्ठीचा फोटो पाठवा. तो घेऊन स्पीड पोस्टने किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवेल. बिलावर रुग्णाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असू द्या.

पण हा रस्ता कायम उघडा नसतो. सीमावाद पेटला की आधी एसटी थांबते, जशी फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबली होती. पावसाळ्यात वेदगंगेला पूर आला की निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग बंद होतो. २०१९ आणि २०२१ मध्ये तो झाला. चोर्ला आणि अनमोड घाटांचं जुलैत काही सांगता येत नाही. भीमगड जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांना तर पावसात रुग्ण खांद्यावरून आणावा लागतो. अशा गावांत राहणाऱ्यांनी पंधरा नव्हे, एक महिन्याची पुडी मृग लागण्याआधीच भरून ठेवावी, डॉक्टरांना तसं सांगून.

आणखी एक गैरसमज. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या गोळ्या तिच्यातून सुटतील या भरवशावर राहू नका.

८. संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्या मुलांचं इंजेक्शन

लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या मुलांना आणि तरुणांना बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन साधारण दर तीन आठवड्यांनी घ्यावं लागतं. वर्षानुवर्षं. ते स्वस्त, म्हणून बनवणारे थोडे, आणि म्हणून अधूनमधून बाजारातून गायबच होतं. गोळ्यांसाठी दहा दिवस सांगितले, इथे मागचं इंजेक्शन झालं त्याच दिवशी पुढच्याची चौकशी सुरू करा. मिळालं तरी घरी किंवा कंपाउंडरकडे घेऊ नका. क्वचित जोराची ॲलर्जी येते, तेव्हा ती सांभाळता येईल अशाच ठिकाणी घ्यायचं. आणि सापडलंच नाही तर डॉक्टर मधल्या काळापुरत्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या देऊ शकतात. न विचारता तारीख पुढे ढकलू नका.

९. सगळं करून नाही मिळाली तर

लाल खुणेची गोळी उद्या सकाळी संपणार आणि कुठेच नाही, तर आज रात्रीच डॉक्टरांना फोन. ते उचलत नसतील तर ज्या रुग्णालयात स्टेंट बसवला तिथल्या आपत्कालीन विभागात जा. एका दिवसाच्या गोळ्या तिथून मिळतात आणि चिठ्ठीही. अर्धी-अर्धी करून पुरवायची, एक दिवसाआड घ्यायची, हे उद्योग नकोत. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

खंड पडलेल्या दिवसांत छातीवर दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, थंड घाम, बसल्या जागी धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं यांपैकी काहीही दिसलं तर गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. अशक्त हृदयाच्या माणसाचं वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. २०२३ मध्ये कर्नाटकात डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजना सुरू झाली, तिच्याखाली अनेक तालुका रुग्णालयांत ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत मिळतं. आपल्या तालुक्यात ते आहे का, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवा.

आणि तक्रार करा. आपल्याकडे लोक दुकानदाराशी भांडतात आणि घरी येतात, त्याच्या हातात तर काहीच नसतं. औषधांच्या किमती आणि उपलब्धता पाहणारी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ही केंद्राची संस्था आहे. तिच्या ‘फार्मा जन समाधान’वर किंवा १८०० १११ २५५ या क्रमांकावर औषध मिळत नसल्याची तक्रार नोंदवता येते. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार, त्या आदेशाच्या यादीतल्या औषधाचं उत्पादन कंपनीला बंद करायचं असेल तर सहा महिने आधी सरकारला कळवावं लागतं आणि जाहीर सूचना द्यावी लागते. बेळगावात राज्याच्या औषध नियंत्रण विभागाचं कार्यालय आहे, तिथे लेखी अर्ज द्या. अर्जात मूळ नाव, ताकद, कंपनी, कुठल्या कुठल्या दुकानात कुठल्या तारखेला विचारलं, एवढं असू द्या. दुकानदारालाच म्हणा, ‘मामा, माल नाही असं चिठ्ठीच्या मागे लिहून शिक्का मारून द्या.’ बहुतेक देतात. त्यांनाही तो माल हवाच असतो.